दर, दार आणि पॅकिंग

शुक्रवारी दुपारी, ऐन चहाच्या वेळेला, तेजल भामरेच्या कॉम्प्युटरनं एक फाइल घ्यायला साफ नकार दिला. ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे, मी तिला हात लावणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य स्क्रीनवर उमटलं आणि त्याखाली कर्सर निवांत लुकलुकत राहिला.

तेजल गंगापूर रोडवरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत पॅकेजिंग करायची. लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम इतरांनी लिहायचे आणि तेजलनं ते बांधायचे, अशी तिथे वाटणी होती. बांधायचे म्हणजे कोणती फाइल कुठे जाईल, कोणाला आधी कोणती लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडची कोणती फाइल, लागेल, कोणाचं कोणाशी अजिबात पटत नाही, हे सगळं आत लिहून एक नीटनेटकं गाठोडं तयार करायचं. ते गाठोडं गिऱ्हाइकाच्या मशिनवर सोडलं की प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली पाहिजे. बसली तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं कौतुक व्हायचं, आणि नाही बसली तर तेजलला फोन यायचा.

नामपूरला राहणाऱ्या तिच्या वडिलांना, म्हणजे सावळीरामनानांना, या सगळ्यातला एकच शब्द कळला होता. पारावर कोणी विचारलंच, "नाना, तुमनी पोर नाशिकले काय करस?" तर नाना जमिनीकडे बघत "पॅकिंगले शे," म्हणायचे आणि घाईघाईनं विषय कांद्याच्या रोपांवर न्यायचे. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून पोरगी खोक्यांना टेप लावते, याचं त्यांना आतून फार वाईट वाटे. पोरीला मात्र त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट दिवाळीत सटाण्याच्या बाजारातून टेप कापायचं एक दणकट यंत्र आणून तिच्या हातात ठेवलं होतं.

"टेप दातखाले धरी तोडत जाऊ नको, दात खराब व्हतीन," ते म्हणाले होते.

"नाना, खोकी नसतात हो आमच्याकडे. फाइली असतात."

"मंग फाइली पॅक करस ना?"

"हो... म्हणजे तसंच काहीतरी."

"मंग तेच सांगी राहिनू मी."

तेजलनं ते यंत्र ऑफिसात आपल्या टेबलावर ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून तिला रोज एकदा हसू यायचं आणि एकदा वाईट वाटायचं. म्हणून नामपूरच्या अलीकडे नव्यानं सुरू होणाऱ्या एका खासगी कांदा मार्केटचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. नाना पहिल्याच दिवशी तिथे ट्रॉली घेऊन येणार होते. आपण नक्की काय करतो ते एकदा त्यांना डोळ्यांनी दिसेल आणि पारावर ते मान वर करून बोलतील, एवढी एकच गोष्ट तिला त्या कामातून हवी होती.

आणि आता कॉम्प्युटर नाही म्हणत होता.

मार्केटला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, लिलावात ठरलेला दर दाखवणारा मोठा बोर्ड. त्याचा प्रोग्रॅम कंपनीचे मालक देवरे सर यांनी स्वतः लिहिला होता आणि त्याच्या लायब्ररीचं नाव ठेवलं होतं ‘दर’. दुसरी, गाड्या सोडणारं स्वयंचलित दार. ते सार्थकनं गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांसाठी आधीच बनवलेलं होतं. शटरसारखं सरळ वर सरकणारं आणि सांगाल तितकेच मिलिमीटर उघडणारं, कारण स्कूटर आत यावी पण तिच्यामागून कुत्री येऊ नयेत, अशी सोसायट्यांची मागणी होती. त्यानं आपल्या लायब्ररीचं नाव ठेवलं होतं ‘दार’. मराठीत बोलताना दोन्हींत काही गोंधळ नव्हता. पण फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, आणि दोघांनीही आपापल्या खुर्चीत बसून तीच तीन अक्षरं टाइप केली होती: डी, ए, आर.

"बरं, नाव एक आहे ते एक," तेजल मीटिंगमध्ये म्हणाली. "आतली आज्ञासुद्धा एकच आहे. सर, तुम्ही काय लिहिलंय?"

"दर लाव," देवरे सर म्हणाले. "मार्केटवाले तसंच बोलतात. अमुक दर लाव, तमुक दर लाव."

"आणि सार्थक, तू?"

"दार लाव," सार्थक म्हणाला. "आपण काय म्हणतो घरी? दार लाव. कितीवर लावायचं तो आकडा पुढे द्यायचा."

"म्हणजे दोघांनी इंग्रजीत एकच लिहिलंय. कोणीतरी एकानं नाव बदला."

देवरे सर मालक होते, त्यामुळे ते बदलणार नव्हते. सार्थक मालक नव्हता, पण त्याचं दार तीन सोसायट्यांत लागलेलं होतं.

"मी एक ए वाढवतो," तो शेवटी उदार होऊन म्हणाला. "डी, डबल ए, आर."

"मार्केटवाले ते दारू वाचतील," देवरे सर म्हणाले. "मार्केटच्या गेटवर दारू चालू, दारू बंद? पहिल्या दिवशी?"

सार्थकनं लगेच ए परत घेतला.

तेजलनं समजावून सांगितलं की हे मंगल कार्यालयात एकच खोली दोन वऱ्हाडांना देण्यासारखं आहे. नीट करायचं तर दोन्ही लायब्ररींना वेगळी नावं द्यायची, मग त्यांच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम उघडून नवं नाव सांगायचं, आणि सगळी गाठोडी पुन्हा बांधायची. त्याला वेळ लागेल. उद्‌घाटन सोमवारी होतं.

"तो एक जबरदस्तीचा ऑप्शन असतो ना गं?" देवरे सरांनी हळूच विचारलं. "पहिल्या वऱ्हाडाचं सामान बाहेर काढून दुसऱ्याला खोली द्यायची?"

"असतो. पण तो वापरायचा नसतो, सर."

"फक्त उद्‌घाटनापुरतं. मंगळवारी नीट करू."

तेजल ठाम नाही म्हणणार होती. पण नानांनी ट्रॉली भरून ठेवली होती, आईनं पारावर आणि पाराबाहेर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि उद्‌घाटन पुढे गेलं तर नाना ‘पॅकिंगमा काहीतरी गडबड’ असं म्हणणार होते. तिनं डोळे मिटून जबरदस्तीची आज्ञा दिली. सार्थकचं दार सरांच्या दरावर जाऊन बसलं. कॉम्प्युटर या वेळी काहीच बोलला नाही. ऑफिसात ना बोर्ड जोडलेला होता ना दार, त्यामुळे दोन्ही प्रोग्रॅमनी ‘झालं’ म्हणून सांगितलं आणि ‘झालं’ हा शब्द ऐकला की देवरे सरांचं समाधान होतं.

सोमवारी सकाळी मार्केट फुलून गेलं होतं. मार्केटचे मालक पुंजाशेठ नव्या फेट्यात इकडून तिकडे फिरत होते. ते स्वतःच तिथले सगळ्यात मोठे खरेदीदारही होते. गेटवरचा बारकू बटण दाबायचा, दार सरसर वर जायचं, ट्रॅक्टर आत यायचे, पिकअप यायच्या, शेवटी प्रमुख पाहुण्यांची गाडीही आली. नानांची ट्रॉली रांगेत सातवी-आठवी होती. ते कोपऱ्यातून कॉम्प्युटरच्या टेबलाकडे बघत होते, आणि तेजलनं खुर्चीतूनच हात हलवला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या कोणासाठी असेल असं समजून मागे वळून पाहिलं.

सार्थक अजून पोचला नव्हता. दार हातानं फिरवायचं हँडल त्याच्याच गाडीत होतं.

"कुठे आहेस?" तेजलनं फोनवर विचारलं.

"नाशकातच, द्वारका चौकात. एका कंटेनरनं वळण घेतलंय. म्हणजे घेतोय. अजून घेतोय."

फीत कापली, नारळ फुटला, आणि पहिल्या ट्रॉलीचा लिलाव सुरू झाला. कांदा जरा बारीक होता. पुंजाशेठनी ‘बाराशे’ म्हटलं, टाळ्या पडल्या, टेबलावरच्या कारकुनानं बाराशेचा आकडा मशिनमध्ये टाकला आणि शेतकऱ्याच्या हातात पावती आली. सगळ्यांनी माना वर करून बोर्डाकडे पाहिलं.

बोर्ड कोरा होता. गेटवरचं दार मात्र कोणी बटण न दाबता सरसर खाली आलं आणि चार फुटांवर येऊन थांबलं.

"दार का लावलंस रे?" पुंजाशेठ ओरडले.

"म्या नाय लावलं!" बारकूनं दोन्ही हात वर करून दाखवले.

तेजलनं मनात हिशेब केला. बाराशे मिलिमीटर म्हणजे चार फूट. सरांचा प्रोग्रॅम ‘दर लाव, बाराशे’ म्हणत होता आणि ऐकणारं होतं दार.

प्रमुख पाहुण्यांना सटाण्यात आणखी एक फीत कापायची होती. त्यांची गाडी गेटाशी आली. बारकूनं बटण दाबलं, दार वर गेलं, गाडी सरकली, आणि सरांचा प्रोग्रॅम दर ताजा ठेवण्यासाठी तोच आकडा दर काही क्षणांनी पुन्हा पाठवत असल्यामुळे दार परत चार फुटांवर आलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. असं तीनदा झाल्यावर पाहुणे गाडीतून उतरले, एका हातानं फेटा धरून दाराखालून वाकून बाहेर पडले आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघून गेले. व्हिडिओवाल्यानं ते सगळं अगदी मन लावून टिपलं.

"बंद कर ते मशिन," देवरे सर तेजलच्या कानाशी म्हणाले.

"सर, वजनकाटा आणि पावत्या त्याच मशिनवर आहेत. बंद केलं की लिलाव थांबेल."

"लिलाव थांबवायचा नाही!" पुंजाशेठ मागून गरजले. "पहिल्याच दिवशी मार्केट बंद पडलं म्हणायला लोक टपून बसलेत. लिलाव चालू राहील. तुम्ही दार बघा."

तेजलनं लॅपटॉप उघडला. नीट गाठोडी बांधायचं काम तिनं शनिवारी-रविवारी गुपचूप सुरू केलं होतं. अर्धं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. ती दात-ओठ खात नावं बदलू लागली. इतक्यात नाना टेबलाशी येऊन उभे राहिले.

"काय व्हयनं व?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "पॅकिंग फुटनं का?"

तेजलला एकदम रडू यायला लागलं. ज्या माणसाला दाखवायचं होतं, त्याच्यासमोरच हे व्हायचं होतं.

"फुटलं नाही, नाना. चुकीचं बांधलं. मीच बांधलं. दर आणि दार, दोघांची फाइल एकच झालीय. आता लिलावात जितका दर बोलतील तितकंच दार उघडणार. पण तुम्ही कुणाला सांगू नका हं."

नानांनी मान डोलावली. हे त्यांना मुलीनं इतक्या वर्षांत सांगितलेलं पहिलं असं काही होतं, जे त्यांना पुरतं समजलं. त्यांना फार बरं वाटलं. ते गंभीरपणे आपल्या ट्रॉलीकडे गेले, शेजारच्या ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "कोनले सांगू नको. भाव वाढना का दार उघडस," आणि पाचेक मिनिटांत ही गुप्त गोष्ट मार्केटच्या भिंतीबाहेर चहाच्या टपरीपर्यंत पोचली.

त्यानंतर कोऱ्या बोर्डाकडे कोणी बघेना. सगळे दाराकडे बघू लागले. दीड हजारावर दार हनुवटीपर्यंत गेलं, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. सतराशेवर गेलं, तेव्हा दोन-तीन उंच माणसं मुद्दाम टोपी काढून खालून जाऊन आली आणि "अजून डोक्याला लागतंय, शेठ!" म्हणून सांगू लागली.

पुंजाशेठना आधी मजा वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून घेतलेला कांदा त्यांच्याच पिकअपमध्ये भरून तयार आहे, तो सुरतेला निघायला हवा, आणि गोण्यांसकट गाडीची उंची आठ फुटांच्या वर आहे.

"किती दर लागेल हिला?" त्यांनी पिकअपकडे बोट दाखवत तेजलला विचारलं. असा प्रश्न कांद्याच्या धंद्यात पूर्वी कोणी विचारला नव्हता.

"पंचवीसशे," तेजलनं मान वर न करता सांगितलं.

"मग नुसताच टाक पंचवीसशे. खोटा. गाडी गेली की काढून टाक."

"शेठ, आकडा टाकला की पावती निघते..."

पण कारकुनानं टाकलासुद्धा. दार वर गेलं, आणि मशिनमधून पावती निघाली. टेबलासमोर त्या वेळी लंकाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मोजक्या गोण्या नुकत्याच काट्यावरून उतरल्या होत्या आणि बोली लागायचीच होती. त्यांनी पावती घेतली, लांब धरून वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि कारकुनाला म्हणाल्या, "देव तुझं भलं करो."

"मावशी, ती पावती चुकून निघाली. परत द्या."

"चुकून कशी निघल? तुझ्याच हातानं निघाली ना? समद्यांनी पाहिलं."

समद्यांनी खरंच पाहिलं होतं. "लंकाबाईले पंचवीसशे, मंग आमले का नही?" असा आवाज मागच्या रांगेतून आला आणि पुढच्या रांगेत येईपर्यंत त्याची घोषणा झाली. या गडबडीत पिकअप दाराखालून निघून गेली. पुंजाशेठनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढच्या ट्रॉलीला ‘सतराशे’ म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पिकअपच्या पाठोपाठ एका जवान शेतकऱ्याचा रिकामा ट्रॅक्टर आला, बरोबर दाराच्या खाली उभा राहिला आणि बंद पडला.

"काय झालं रे?" बारकूनं विचारलं.

"डिझेल संपलं," तो पोरगा स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणाला.

"आत्ताच कसं संपलं?"

"संपतं तेव्हा असंच संपतं."

पुंजाशेठनी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. दर उतरवला तर दार उतरणार आणि खाली ट्रॅक्टर, त्यावर माणूस. त्यांनी लिलाववाल्याकडे पाहिलं, लिलाववाल्यानं दाराकडे पाहिलं. "पंचवीसशे," शेठ घशातल्या घशात म्हणाले. पुढच्या ट्रॉलीलाही पंचवीसशे. त्याच्या पुढच्या ट्रॉलीत अर्धा कांदा फुटका होता, त्यालाही पंचवीसशे. दोन माणसं डिझेल आणायला म्हणून निघाली आणि टपरीवर चहा पीत बसलेली सगळ्यांना दिसत होती.

"आता बंद कर मशिन!" पुंजाशेठ तेजलच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले. "खड्ड्यात गेलं लिलावाचं नाक!"

"आता बंद केलं तर दार पूर्ण खाली येईल, शेठ. मशिनशी संबंध तुटला की ते आपोआप बंद होतं."

"असं कोणी बनवलं?"

"सोसायट्यांनी मागितलं होतं. कुत्र्यांसाठी."

तेजलनं सार्थकला फोन लावला. "कंटेनर वळला," तो आनंदानं म्हणाला. "आता त्याच्या मागचा वळतोय."

मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि सगळं लक्ष स्क्रीनवर लावलं. दराच्या लायब्ररीला ‘भाव’ नाव दिलं, दाराच्या लायब्ररीला ‘फाटक’. कोणाला कोण लागतं ते पुन्हा लिहिलं. जुनी ‘डीएआर’ नावाची फाइल कुठे आडून बसलेली नाही ना, ते दोनदा पाहिलं. बोर्डाची एक वायर गर्दीच्या ढकलाढकलीत निसटली होती, ती जागेवर बसवून तिनं आज मुद्दाम बरोबर आणलेलं टेपचं यंत्र पिशवीतून काढलं आणि खटकन एक पट्टी कापून वर चिकटवली. नाना लांबून बघत होते. त्यांचा चेहरा उजळला. बाकी काही नाही, तरी यंत्र कामाला येत होतं.

गाठोडी तयार झाली. आता एंटर दाबलं की दर बोर्डावर जाणार, दार बारकूच्या बटणाकडे जाणार आणि वर आहे तिथेच थांबणार. तेजलनं बोट उचललं आणि लिलावाकडे पाहिलं. पुढची ट्रॉली नानांची होती.

तिचं बोट हवेतच राहिलं. आणखी थोडा वेळ लागला असता तर तिला कोणी विचारणार नव्हतं. देवरे सरांना पॅकेजिंगमधलं तेवढं कळत नव्हतं, आणि पुंजाशेठ पाणी पीत होते. नानांचा अख्खा उन्हाळी कांदा त्या ट्रॉलीत होता. सकाळपासून पाणी न पिता ते ट्रॉलीशेजारी उभे होते.

नाना टेबलाशी आले. "थांबनी का?"

"झालंय, नाना. हे दाबलं की दार मोकळं. दाबलं नाही तर..." तिनं ट्रॉलीकडे पाहिलं. "तर तुम्हालाही पंचवीसशे."

नानांनी ट्रॉलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्या बोटाकडे पाहिलं.

"आनि हाई दाबनं, हाईच तुनं काम शे?"

"हो. हेच."

नानांनी कान खाजवला. "मंग दाब ना. कांदा काय, पुढला साल बी येई."

तेजलनं एंटर दाबलं. कोऱ्या बोर्डावर लाल दिव्यांत २५०० लखलखलं आणि दार जिथल्या तिथे स्थिर झालं. बारकूनं बटण दाबून पाहिलं; दार सुतासारखं वर गेलं आणि वरच राहिलं. ट्रॅक्टरवरच्या पोरानं ते बघितलं आणि एक चावी फिरवली. त्याच्या टाकीत डिझेल आपोआप आलं.

पुंजाशेठनी बाटली खाली ठेवली, तोंड पुसलं, नानांच्या ट्रॉलीतला एक कांदा उचलून दाबून पाहिला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "सतराशे."

बोर्डावर २५०० चे १७०० झाले. मार्केटभर एक मोठा सुस्कारा पसरला. मागच्या रांगेतल्या लोकांनी टेबलाकडे रागानं पाहिलं.

"कोनी पोर शे रे ही?" कोणीतरी ओरडलं.

देवरे सर दोन पावलं मागे सरकले. तेजलनं मान खाली घातली.

"मनी शे," नाना म्हणाले. पावती हातात धरून ते गर्दीतून पुढे आले आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघून मागच्या रांगेतले लोक आपापल्या ट्रॉल्यांकडे वळले.

दुपारी सार्थक हँडल घेऊन पोचला तेव्हा सगळे जेवत होते. पुंजाशेठ देवरे सरांना सांगत होते की मागच्या गेटलाही असंच दार बसवा, फक्त दर आणि दार यांच्या मधे एक भिंत घाला. नाना ट्रॉलीच्या कडेला बसून भाकरी खात होते. तेजल त्यांच्या शेजारी बसली होती. आपल्यामुळे त्यांचं केवढं नुकसान झालं याचा हिशेब तिच्या डोक्यातून जात नव्हता.

नानांचा फोन वाजला. पारावरून होता. बातमी तिथे पोचली होती, पण नेहमीप्रमाणे उलटसुलट.

"हा, मीच बोली राहिनू," नाना मोठ्यांदा म्हणाले. "नही रे भाऊ, पॅकिंग-बिकिंग काय नही. ते आपलं म्हनाले शे." त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि आजूबाजूच्या दोन-चार ट्रॉल्यांनाही ऐकू जाईल इतका आवाज चढवला. "आरे, मनी पोरनी एक बटन दाबं आनि सम्दा मार्केटना भाव खाले पाडी टाका! एका मिनिटमा! आतापावत हाई काम फक्त दिल्लीवालासले जमत व्हतं."